दुसऱ्याची डोल

महादू तांडेलानं विनोदची डोल उचलली ही बातमी सकाळी नऊच्या आत सगळ्या गावाला कळली होती. कळली नव्हती ती फक्त महादूच्या बायकोला. सुगंधा मासळी वाळवायच्या आपल्या खळ्यात बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, हे काम ती झोपेतही करू शकली असती. आज नेहमीपेक्षा तीन टोपल्या जास्त आल्या म्हणून ती मनातून खूश होती.

तेवढ्यात कुंपणापाशी विनोदची आई येऊन उभी राहिली. जमना साठी उलटलेली, अंगानं काटक, आणि आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसाला फोन करायची तिला कधी गरज पडली नसावी.

"सुगंधे, माजे बोंबील चांगले टांगतेस गो!"

"तुजे? सकाळी सकाळी काय डोकं फिरलंय काय?"

"माजे नाय तर कोनाचे? माज्या पोराच्या डोलीचा खोला सोडून तुज्या नवऱ्यानं मासळी वतून घेतली. विनोदनं आपल्या डोळ्यांनी बगितला."

डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. समुद्राच्या तळाला ठोकलेल्या खांबांना ते बांधतात. भरतीच्या ओढीनं मासळी आपोआप आत शिरते आणि शेवटच्या टोकाला, खोल्यात, साचते. कुठल्या घराचे खांब कुठे, हे आजा-पणजापासून ठरलेलं. समुद्रावर ना कुंपण, ना सातबारा, ना पोलीस. नुसता एकमेकांवरचा भरवसा. म्हणून या गावात कुणी पिऊन मारामारी केली तर दोन दिवसांत विसरतात, पण दुसऱ्याची डोल उचलणाऱ्याला विसरत नाहीत. त्याला शिक्षा एकच. गावकीच्या बैठकीत आपल्या हातानं सुकाणूचा दांडा आणायचा, सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवायचा आणि 'मी चोर' म्हणायचं. मग वर्षभर बोट किनाऱ्याला. वीस वर्षांत असा दांडा एकदाच ठेवला गेला होता, आणि त्या माणसाला अजून लोक तोंडावर 'दांड्या' म्हणतात. त्याच्या नातवाला शाळेत 'दांड्याचा' म्हणतात.

सुगंधा तोंडाला कमी नव्हती. तिनं जमनाला असं काही सुनावलं की पलीकडच्या खळ्यातल्या बायका हातातली मासळी टाकून ऐकत राहिल्या. माझा नवरा सत्तावीस वर्षं तांडेल हाय, बोटीचं सुकाणू त्याच्या हातात हाय, तुझ्या पोराला समुद्र त्यानं शिकवला, आधी तोंड धुवून ये आणि मग त्याचं नाव घे. जमना निघून गेली. सुगंधा तणतणत घरात आली. महादू ओट्यावर होता. बसलेला नव्हता, उभाही नव्हता. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे असं चाललं होतं.

"आवं, कोनाची डोल उचललीत?"

"आपली."

"बोया कोनत्या रंगाचा हुता?"

महादू थांबला. बराच वेळ त्यानं विचार केला.

"लाल," तो म्हणाला.

त्यांच्या डोलीच्या खुणेचा, पाण्यावर तरंगणारा बोया पिवळा. दर नारळी पुनवेला ती स्वतः त्याला रंग लावायची, नखांत महिनाभर पिवळं राहायचं. ती मागच्या पावली खळ्यात गेली आणि भराभर टांगलेले बोंबील उतरवायला लागली. आठ टोपल्या भरून तिनं जमनाच्या दारात नेऊन ओतल्या आणि एक शब्द न बोलता परतली. त्यानं काही फरक पडला नाही. गावाला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून परत केली. भांगाच्या दिवसांत भरतीला ओढ नसते, बोटी किनाऱ्यालाच असतात. तेव्हा बैठक भरणार, असा संध्याकाळी सांगावा आला. मध्ये आठ दिवस होते.

आता या दोघांचं एक गुपित सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी महादूचा ताप हटेना म्हणून पालघरला सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, तर एचआयव्ही निघाला. आठवड्यानं सुगंधाचाही निघाला. कुणाकडून कुणाला, यावर दोघं वर्षभर दार लावून भांडली आणि भांडून थकल्यावर तो विषय सोडला. गोळ्या सुरू झाल्या, अंगावर मांस चढलं, महादू पुन्हा समुद्रावर जायला लागला. पण दर महिन्याला नवराबायको पालघरला कशाला जातात याला गावात कारण हवं. सुगंधानं सांगून टाकलं, दोघांना शुगर हाय.

आणि ही शुगर मग मानगुटीवर बसली. बारशाला, हळदीला, सत्यनारायणाला, कुणाच्याही दारात गेलं की आतून हाक यायची, "सुगंधाला बिनसाखरेचा गो!" सुगंधाला गोड चहा जिवापाड प्यारा. अकरा वर्षं ती तो काढा तोंड वाकडं न करता पीत आली होती. लाडू आला की हात जोडायची. घरी दोन चमचे साखर घालून प्यायची तीही खिडकी लावून. मुलगी किंजल वाणगावला दिलेली, तिलाही शुगरच माहीत होती. माहेराहून, एडवणहून, भाऊ दरवेळी कारली पाठवायचा.

गोळीची वेळ सकाळी नऊची. सुगंधाच्या मोबाइलवर गजर होता. पण महादूचं घड्याळ समुद्राचं. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. आज नऊला घरी, तर चार दिवसांनी नऊला पाण्यावर. म्हणून तो आपली बाटली वेगळी, कमरेच्या पिशवीत ठेवायचा. बाटलीवरचा कागद सुगंधानं नखानं खरवडून काढलेला. दवाखान्यात दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजतात. महादूच्या नेहमी बरोबर भरायच्या. तिथल्या समुपदेशक दीपा मॅडम म्हणायच्या, "महादूकाकांसारखा पेशंट नाही." गेल्या वर्षी रक्ताची मोठी तपासणी ऐन बोंबलाच्या दिवसांत आली होती, तेव्हा दोघांनी ठरवलं, पुढच्या खेपेला बघू. ती पुढची खेप अजून यायची होती.

इकडे चार-सहा महिन्यांपासून महादूचा पाय घरात ठरत नव्हता. घर ते विहीर, विहीर ते धक्का, धक्का ते घर. काय पाहिजे विचारलं तर काही नाही. जाळं विणायला बसला की सुई हातात धरून तसाच बसायचा. घातलेली गाठ सुटून यायची, जिथे आधी त्याची गाठ कापूनच काढावी लागे. बोलका माणूस मुका झाला होता. चपला उलट्या घालून बाजारात गेला. सुगंधाला आधी वाटलं वय झालं. मग वाटलं चोरून पितो. तिनं झोपेत त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघितला. मग वाटलं बाई असेल, आणि त्या विचाराचं तिचं तिलाच हसू आलं, कारण ज्याला शर्टाचं बटण लावायला पाच मिनिटं लागतात त्याला बाईनं करायचं काय?

तिनं मंगळ्याला फोन लावला. मंगळ्या म्हणजे महादूचा जुना खलाशी, वीस वर्षं त्याच बोटीवर. वाणगावहून आत डोंगराला त्याचं घर; भातकापणीला दरवर्षी पंधरा दिवस गावी जायचा. यंदाही गेला होता, आणि बोटीवर दोन नवे खलाशी होते ज्यांना लाल-पिवळ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंगळ्या कापणी टाकून आला. नव्या तांदळाची पिशवी त्यानं ओट्यावर ठेवली आणि स्वतः खालीच उभा राहिला.

"वयनी, माजी चूक झाली."

"तुजी काय चूक? तू हुतास कुटं?"

"तेच ना. नवतो." मंगळ्यानं टोपी काढून हातात घेतली. "वरीस होत आला. तांडेलाला वाट सापडत नाय. मीच पुढं बसून हात दावायचो, डावा, उजवा. कापणीला जायचं तर जीव खाली-वर होत हुता, पन भात झडलं असतं. मला वाटला, चार दिवस निभेल."

महादूला समुद्रावर वाट शोधायला कधी यंत्र लागलं नव्हतं. तारापूरच्या अणुवीज केंद्राची चिमणी आणि तिच्यामागचं डोंगराचं टोक एका रेषेत आणलं की आपली जागा, हे त्याच्या डोळ्यांत बसलेलं. बोटीवर जीपीएस होतं. महादू त्याच्यावर टॉवेल वाळत घालायचा.

"आनि तू मला सांगितलं नायस?"

"तांडेलाची इज्जत वयनी. खलाशानं कशी बोलायची?"

तिला मंगळ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्हींतलं काही न करता ती घरात शिरली आणि सामान उपसायला लागली. काय शोधते हे तिला ठाऊक नव्हतं; हात थांबत नव्हते एवढंच. कपाट झालं, गादीखाली झालं, आणि मग महादूचा जाळ्याच्या सामानाचा पत्र्याचा डबा. सुया, दोऱ्याची रिळं, शिसं, आणि तळाला प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्या. पांढऱ्या, लांबट, एकाला एक चिकटलेल्या. दोन मुठी भरतील इतक्या.

"ह्या काय हायत?"

महादू दारात आला होता. पिशवी बघून तो शाळेतल्या पोरासारखा भिंतीला टेकला.

"घेतली का नाय घेतली, ते याद नाय ऱ्हायचा," तो हळूहळू म्हणाला. "दोन घेतल्या तर इख हुईल असं वाटायचा. मंग नाय घ्यायचो."

"आनि मोजनी?"

"मोजनीच्या आदल्या दिवशी उरलेल्या काढून ठेवायचो. मॅडम शाबास म्हनायची."

सुगंधाला राग आला, भयानक राग आला, आणि त्याच वेळी असं रडू फुटलं की तिनं पदर तोंडात कोंबला. अंगणात मंगळ्या होता आणि मंगळ्यालाही शुगरच माहीत होती.

त्यानंतरचे सहा दिवस पालघरच्या फेऱ्यांत गेले. डोक्याचा फोटो झाला, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून झालं, रक्त झालं. महादू बाकावर बसायचा नाही. दवाखान्याच्या बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा आणि सुगंधा पिशव्या घेऊन त्याच्यामागे. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला बोटं भराभर जुळवायला सांगितली, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, महिने उलटे म्हणायला सांगितले. महादू आश्विनावर अडकला.

"शिकलेला नाय ओ तो," सुगंधा मध्येच बोलली. "असं काय इचारता? थांबा, मी इचारते. आवं, चतुर्थीला भरती किती वाजता?"

हे म्हणजे तांडेलाला स्वतःचं नाव विचारण्यासारखं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चाराची पाऊणपट तीन. खाडीकाठचं दहा वर्षांचं पोर सांगेल. महादूचे ओठ हलले. त्यानं बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली आणि सुगंधाकडे बघून कसंनुसं हसला. डॉक्टरीणबाईंना प्रश्न कळला नसावा, पण सुगंधाचा चेहरा कळला. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे वय नाही आणि दारूही नाही," त्या म्हणाल्या. "गोळ्या सुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो, आणि तो मेंदूतही शिरतो. टीबी नाही, गाठ नाही, ते तपासलं आपण. हा एचआयव्हीमुळेच होणारा विसराळूपणा आहे. हातपाय मंदावतात, वाट चुकते, माणूस एका जागी ठरत नाही."

"बरा हुईल?"

"गोळ्या नीट सुरू झाल्या तर बरंच परत येतं. सगळं येईल असं मी सांगणार नाही. पण दोन गोष्टी. रोजची गोळी दुसऱ्या कुणीतरी समोर उभं राहून द्यायची, घशाखाली उतरेपर्यंत. आणि यांच्या हातात बोट द्यायची नाही. एक दिवसही नाही."

परतीच्या रिक्षात सुगंधाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती गोष्ट इतकी सोयीची होती की तिला स्वतःची लाज वाटली. बोट हातात द्यायची नाही. गावकी तेच तर करणार होती! परवा बैठकीत महादू दांडा ठेवेल, वर्षभर बोट किनाऱ्याला, वर्षभर तो घरी, वर्षभर गोळ्या. गुपित जागच्या जागी. फक्त एवढंच, की महादू चोर ठरेल. सत्तावीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या डोलीची तुटलेली दोरीसुद्धा वाटेत थांबून बांधून दिली, तो 'दांड्या' होईल.

घरी आल्यावर तिनं त्यालाच विचारलं. कधी कधी दुपारी त्याचं डोकं तासभर निवळायचं.

"सांगून टाकू काय गावाला? खरा काय ते?"

"नको."

"चोर म्हनतील तुमाला."

"म्हनू दे." तो ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. "चोराची बायको मासळी इकते. त्या रोगाच्या बाईच्या हातची मासळी कोन घेईल? किंजलचे सासरचे काय म्हनतील? नाय सांगायचा. शपत हाय माजी."

सुगंधानं चुलीवरचं भांडं उतरवलं, पुन्हा चढवलं, पुन्हा उतरवलं. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी हेच तिनं त्याला सांगितलं होतं, याच शब्दांत.

बैठक देवळाच्या मंडपात भरली. बाप्ये पुढे, बायका मागे, मासेमार संस्थेचे चेअरमन खुर्चीवर. महादूनं दांडा खांद्यावरून आणला होता. त्याचा तोल जाऊ नये म्हणून मंगळ्या बरोबर चालत होता. विनोदनं उभं राहून जे बघितलं ते सांगितलं. सांगताना त्याला सुख होत नव्हतं हे दिसत होतं, पण आपली डोल उचललेली बघून गप्प बसला असता तर उद्या कुणीही उचलली असती. मंगळ्या दारातून म्हणाला, "शेट, मी दोन शब्द बोलू?" तेव्हा कुणीतरी त्याला गप्प केलं. बैठक गावकीची होती, खलाशाची नव्हती.

"महादू," चेअरमन म्हणाले, "तू मानूस असा नायस. भरतीत वाट चुकली, धुकं हुतं, असा काय असल तर बोल. गाव ऐकून घेईल."

महादूनं मान वर केली. गेले कित्येक महिने त्याचे डोळे कशावर ठरत नव्हते. आता ते ठरले, मागे बायकांत बसलेल्या सुगंधावर. मग तो चेअरमनकडे वळला.

"चुकली नाय. समजून चोरली. लिवा तसा."

मंडपात कुजबुज उठली. आयुष्यात ज्याला धड थाप मारता आली नाही तो माणूस सगळ्या गावासमोर खोटं बोलत होता, आणि ते सुगंधासाठी. गप्प बस, तिनं स्वतःला बजावलं. त्यानं शपथ घातली आहे. पाच मिनिटं कळ काढ, मग सगळं मिटतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"मंग ठेव दांडा," चेअरमन नाइलाजानं म्हणाले, "आनि रीतीपरमाणं बोल."

महादूनं दांडा जमिनीवर ठेवला. उभा राहिला. "मी," तो म्हणाला, आणि थांबला.

मंडप वाट बघत राहिला.

"मी," तो पुन्हा म्हणाला. कपाळावर आठ्या पडल्या. उजवा हात शर्टाच्या बटणाशी चाळा करायला लागला. मग तो शेजारी बसलेल्या माणसाकडे वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं विचारलं, "काय म्हनायचा असतं?"

मागून दोघंतिघं फिस्सकन हसले.

सुगंधा कधी उभी राहिली हे तिचं तिला कळलं नाही. बायकांच्या मांड्या तुडवत ती पुढे आली.

"कोन हसला? उभा ऱ्हा! सत्तावीस वरसं ह्याच्या मागं बोटी लावून घरी आलात, आनि हसता? ज्याला 'चोर' शब्द याद नाय तो चोरी काय करील? त्याला वाट दिसत नाय, भरतीची येळ येत नाय. डोक्याचा आजार हाय त्याला. शुगरबिगर काय नाय आमाला. एचआयव्ही हाय. अकरा वरसं झाली. त्याला हाय आनि मला बी हाय."

"सुगंधा, खाली बस," महादू म्हणाला. आवाज रागाचा नव्हता, काकुळतीचा होता. "तुजी मासळी..."

"खड्ड्यात गेली मासळी!"

मग तिनं बाकीचं सांगितलं. गोळ्यांची पिशवी, मोजणी, डॉक्टरीणबाई, सगळं. बोलताना तिचा आवाज जमनासारखा खाडीपलीकडे जात होता. बोलणं संपलं तेव्हा महादूच्या शेजारचा माणूस जरासा सरकला होता. तिनं ते बघितलं. चेअरमन घसा खाकरून म्हणाले, बैठक आता पुरे, पुढचा पुढं बगू. लोक उठले आणि कधी नव्हे इतक्या लवकर मंडप रिकामा झाला.

दांडा तिथेच पडला होता. विनोद जाता जाता थांबला, दांड्याकडे बघत राहिला, मग त्यानं तो उचलून मंगळ्याच्या खांद्यावर दिला.

"बोटीवर नेऊन लाव," तो म्हणाला. "आनि त्या जीपीएसवरचा टॉवेल काढ."

पुढचे दिवस सोपे गेले असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. बोईसरला जाणाऱ्या टेम्पोत दोन बायकांनी आपल्या टोपल्या सुगंधाच्या टोपलीपासून लांब ठेवल्या. तिसरीनं ठेवली नाही, पण वाटभर बोलली नाही. किंजलला बातमी सासरच्या ओळखीतून कळली, ती चार दिवस फोनवर आली नाही आणि पाचव्या दिवशी आली ती तासभर नुसती रडली, "मला आदी का नाय सांगितलंस?" बोईसरच्या बाजारात मात्र कुणाला काही ठाऊक नव्हतं. कारखान्यातला माणूस नेहमीसारखा टोपलीपाशी बसून बोंबील निवडत म्हणाला, "मौसी, ये वाला सूखा अच्छा है?" आणि सुगंधाला त्याला उगाच दोन जोड्या जास्त द्याव्याशा वाटल्या.

बोट आता मंगळ्या न्यायचा. महादू अजून चालायचा. घर, विहीर, धक्का. सुगंधा अजून रात्रीची दचकून उठून त्याची जागा चाचपायची. सकाळी नऊचा गजर झाला की ती हातातली मासळी तशीच टाकून त्याला शोधत सुटायची, कारण नऊला तो कुठे असेल याचा नेम नव्हता.

बैठकीला पंधरा दिवस झाले असतील. गजर झाला आणि सुगंधा कमरेला पदर खोचत ओट्यावर आली तर महादू गायब. विहिरीवर नाही. धक्क्यावर नाही. खाडीला भरती चढत होती. ती खळ्यांमधून धावत सुटली, आणि तेवढ्यात सगळा किनारा ऐकेल असा आवाज आला.

"तांडेला! गोळी घेतलीस काय?"

सुगंधा जागीच थिजली. अकरा वर्षं जी गोष्ट तिनं कागद खरवडून, खिडक्या लावून, कारली खाऊन लपवली, ती भर उन्हात खळ्यांवरून ओरडली जात होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जमनाच्या खळ्यात महादू वलांडीपाशी उभा होता. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचा प्रयत्न चालला होता. सुटत होते, पुन्हा अडकवत होता.

"घेतली," तो म्हणाला.

"खोटारड्या! तुजी बायको बग कशी धावत येते. घेतली असतीस तर ती कशाला धावली असती?" जमनानं सुगंधाला हात केला. "ये गो. हितं हाय तो. सकाळपासून माजे बोंबील टांगतो. दहातली एक जोडी ऱ्हाते, पन टांगतो."

सुगंधानं धापा टाकत गोळी काढली. जमनानं आपल्या तांब्यातलं पाणी पुढे केलं. महादूनं तांब्या तोंडाला लावून गोळी गिळली, आणि दोघी बायका त्याच्या घशाकडे बघत उभ्या राहिल्या. जमनानं तांब्या परत घेतला, उरलेलं पाणी स्वतः प्यायली आणि तोंड पुसलं.

"अष्टमीला भरती कदी रे?" तिनं विचारलं.

महादू पेरं मोजत राहिला. "सहाला," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "का सातला?"

"सहाला," सुगंधा म्हणाली. पहिला आकडा बरोबर होता, तिला तेवढं पुरे होतं.

ती परत निघाली तशी जमनानं दंडाला धरून तिला खाली बसवलं. घरातून सुनेनं चहाचे दोन कप आणले होते. सुगंधानं सवयीनं कप घेतला, सवयीनं चेहरा सरळ ठेवला आणि एक घोट घेतला.

चहा गोड होता. पाकासारखा गोड.

"बगतेस काय?" जमना म्हणाली. "शुगर नाय ना तुला? मंग पी. अकरा वरसं माज्या घरची साखर वाचवलीस मेले."

सुगंधानं दुसरा घोट घेतला आणि तिला हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि ते थांबेना. जमनानं बशीत आपला चहा ओतला आणि फुंकर मारत पीत बसली. समोर महादू तीच जोडी चौथ्यांदा दोरीवर टाकत होता. या वेळी ती राहिली.